बिल्ला आणा, सायकल न्या

त्या प्रकरणाची आठवण झाली की आजही माझ्या नाकात रॉकेलचा वास येतो. पोलीस खात्यात मी उभी हयात काढली. खून पाहिले, दंगली पाहिल्या, पुढाऱ्यांचे बंदोबस्त करून पायांची वाट लावून घेतली. पण आता निवांत बसलो की मनात येतं ते हे सायकलचोरीचं प्रकरण. ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ द्या. नाव मात्र कुणाचंही लिहीत नाही. त्यातले काही लोक आता नाहीत, आणि जे आहेत त्यांनी काही माझ्याकडे प्रसिद्धी मागितलेली नाही.

नव्वदीचं दशक होतं. मी इंदूरच्या मिल भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो, तिकडच्या भाषेत टी. आय. कापडाच्या मिली एकामागून एक बंद पडल्या होत्या. ज्या भोंग्यावर लोक घड्याळं लावायचे तो गप्प झाला होता. पाळी सुटली की रस्ताभर सायकलींचा लोंढा यायचा, घंट्यांनी कान किटायचे, त्याच रस्त्यावर आता दुपारी कुत्री झोपत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, भंवरकुआंकडे, कोचिंग क्लासच्या पाट्या चढत होत्या, नव्या मोटारींची शोरूम उघडत होती, घराघरात केबल येत होती. आमच्या हद्दीत मात्र धडधाकट माणसं भर दुपारी ओट्यावर बसून असत. ते दृश्य मला बघवत नसे. मी जीपमधून जाताना नजर समोर ठेवायचो.

अशाच एका बंद मिलची मालमत्ता विकायला कोर्टाने एक अधिकारी नेमला होता. तो एके सकाळी तणतणत ठाण्यात आला. त्याची फिर्याद अशी, की सीलबंद मिलच्या आवारातून सायकली चोरीला जात आहेत.

"सायकली? आत सायकली कुठून आल्या?" मी विचारलं.

ते मला हेड साहेबांनी सांगितलं. हेड साहेब म्हणजे आमचे हेड कॉन्स्टेबल, मिल भागातच वाढलेले. मिल बंद पडली त्या दिवशी सकाळची पाळी आत होती. सूचनेचा कागद लागला, गलका झाला आणि सगळे कामगार घोषणा देत पायीच मोर्चाने कलेक्टर कचेरीवर गेले. सायकली स्टँडमध्ये राहिल्या. संध्याकाळी येऊन घेऊ, असं प्रत्येकाला वाटलं. संध्याकाळी फाटकाला कुलूप होतं. मग कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, सील लागलं आणि सायकली आतच अडकल्या. बहुतेक सायकली जुन्या विलायती. बापाने घेतलेली, मुलाने चालवलेली, अशा. उंच, काळ्या, अठ्ठावीस इंची चाकांच्या, तारेऐवजी लोखंडी दांड्यांचे ब्रेक असलेल्या.

पंचनाम्याला गेलो. चोरीची जागा पाहिली की चोराचा स्वभाव कळतो असा माझा अनुभव आहे. इथे तो कळेना. मोठ्या फाटकाचं सील शाबूत होतं. मिलच्या खात्यांमध्ये तांब्याच्या तारा लोंबत होत्या, पितळेच्या तोट्या जागच्या जागी होत्या. कुणी हात लावला नव्हता. भंगारचोर आधी तांबं नेतो, मग पितळ. हा नेत होता जुनं लोखंड.

स्टँडमध्ये शिरलो आणि थबकलोच. साऱ्या मिलमध्ये बोटभर धूळ, पण उरलेल्या सायकली पुसलेल्या होत्या. प्रत्येक सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केलेली, म्हणजे टायर दबून फुटू नयेत. साखळ्यांना तेल होतं. खालची फरशी झाडलेली होती. माझे वडील शाळामास्तर. त्यांच्याकडेही अशीच विलायती सायकल होती आणि रविवारी सकाळी अंगणात ती अशीच उलटी होत असे. मागचं चाक गरगर फिरवायचं काम माझं असे. त्या स्टँडमध्ये उभा असताना वडिलांची इतकी आठवण आली, की पंचांसमोर मी उगीचच टोपी काढून पुसत बसलो.

हेड साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साब, ये चोर हे के नौकर हे? झाड़ू लगा के जा रिया हे."

अधिकारीसाहेबांना झाडूशी कर्तव्य नव्हतं. मिलचं सगळं भंगार लवकरच लिलावात निघणार होतं आणि त्यात या सायकलीही होत्या. बाहेरगावचा एक व्यापारी खास त्यांच्यासाठी येणार होता. मोठी हॉटेलं अशा विलायती सायकली दिवाणखान्यात शोभेला ठेवू लागली होती म्हणे. कामगारांच्या सायकली मिलच्या भंगारात कशा, असं मी विचारलं, तर साहेब म्हणाले, "सीलच्या आत जे आहे ते मिलचं."

खबर मिळाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. न्यायाची चाड म्हणून खबर देणारे लोक मला फार भेटले नाहीत. बहुतेक जण दुखावलेले असतात. एके दुपारी एक माणूस ठाण्यात आला. पूर्वी त्याच मिलमध्ये विणकर होता, आता भंवरकुआंला विद्यार्थ्यांसाठी पोह्यांचा ठेला लावत होता. रागाने लाल झाला होता.

"साहेब, सगळ्यांना देऊन राहिले, मलाच नाही देत!"

"कोण, काय देत नाही?"

"सायकल! माझी खुदची सायकल! तात्या सगळ्यांच्या काढून देतात. माझी बारी आली तर बोलतात, बिल्ला आण. अरे, कुठून आणू बिल्ला? घर बदललं तेव्हा गुम झाला. वीस सालाहून ज्यादा ओळखतात मला, बाजूच्या गल्लीत राहतात. माझ्या लग्नात जेवून गेले. तरी बिल्ला आण!"

मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि सगळं काढून घेतलं. मिलच्या स्टँडवर पितळी बिल्ल्यांची पद्धत होती. एका नंबरचे दोन बिल्ले. एक सायकलच्या हँडलला, दुसरा मालकाच्या खिशात. सुटताना बिल्ला द्यायचा, सायकल घ्यायची. हे काम सांभाळायचे तात्या. माणूस मराठी, सत्तरीला टेकलेला. त्यांचे वडील होळकरी फौजेत होते असं लोक सांगत. तात्या स्टँड सांभाळता सांभाळता सायकली दुरुस्तही करत. मिल बंद पडल्यावर इतरांनी आपापली पोटापाण्याची सोय बघितली. तात्या मात्र सायकलींच्या मागे लागले होते.

बोलता बोलता त्या पोहेवाल्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. त्याचा चेहरा उतरला. "साहेब, त्यांना अंदर नका टाकू हां. मी तर फक्त सायकलचं बोललो."

पण खबर ती खबर. रोजनाम्यात नोंद केली, पंच घेतले आणि तात्यांच्या घरी पोचलो. मिलच्या जुन्या चाळीतली एक खोली. दार उघडंच होतं. आत मधोमध एक विलायती सायकल उलटी उभी, बाजूला रॉकेलच्या डब्यात साखळी भिजत घातलेली. छर्रे एका वाटीत, आरे कागदावर. भिंतीला तारेत ओवलेले पितळी बिल्ले, जोडीजोडीने. एवढा पुरावा मांडून बसलेला आरोपी मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

तात्यांनी वर पाहिलं. "या, साहेब. जरा जपून, ते छर्रे आहेत. पाय लागला तर सगळीकडे होतील."

"तात्या, तुम्हाला आमच्याबरोबर यावं लागेल."

"चला की. हात धुऊन घेतो. ग्रीस आहे."

ठाण्यात मी त्यांना बाकावर न बसवता खुर्ची दिली. विचारपूस मी स्वतः केली. मोठा आवाज करायची वेळच आली नाही.

"आत कसे गेलात?"

"स्टँडच्या बगलेला छोटं दार आहे. त्याची चावी माझ्याकडेच असते. सील लावायला आले ते मोठ्या फाटकाला लावून गेले. चावी मला कुणी मागितलीच नाही."

"कधी जायचे?"

"दुपारी. चौकीदार जेवायला बसला की. सायकल हातात धरायची आणि चालायचं. मी तर जनमभर तेच केलंय साहेब, कोण रोकणार?"

"ही चोरी आहे, हे माहीत आहे तुम्हाला?"

आता मात्र म्हातारा ताठ झाला. "चोरी? ज्याची त्याला दिली. बिल्ला घेतल्याशिवाय एक नाही दिली. तुम्ही मोजा."

हेड साहेबांनी डोक्याला हात लावला. "साब, चोरी का माल और ऊपर से रसीद लेता हे!"

मी विचारलं, "पोहेवाल्याची का नाही दिली? त्याला तर तुम्ही चांगले ओळखता."

"ओळखतो म्हणूनच. त्याला दिली की दुसरा येईल, तो बोलेल मला पण ओळखता. मग बिल्ल्याला अर्थ काय राहिला? लोक मोर्च्याला गेले ना साहेब, तेव्हा मला सांगून गेले, तात्या, ध्यान रखना. मी हो बोललो. आता लिलावात भंगारवाला नेईल. उद्या कुणी बिल्ला घेऊन आला तर मी काय तोंड दाखवू?"

मग हळूच म्हणाले, "मला वाटलं होतं, मिल चालू होईल. रोज वाटायचं. म्हणून आधी नुसतं तेलपाणी करत राहिलो, काढली एक पण नाही. लिलावाचं कानावर आलं तेव्हा समजलं, आता कुणी येत नाही. आपल्यालाच जावं लागणार."

मला त्यांच्याकडे बघवेना. गुन्हेगार रडतात, शिव्या देतात, पाया पडतात, त्या सगळ्याची सवय असते. बंद फाटकाच्या आत तेलाची पळी घेऊन मिल सुरू व्हायची वाट बघणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे आम्हाला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं.

वरून दडपण होतं. आरोपी सापडला, माल सापडला, कबुली आहे, चालान लावा, म्हणजे आरोपपत्र दाखल करा, आणि मोकळे व्हा, असा फोन आला. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण मी चालान लावलं असतं तर त्याचा अर्थ सायकली मिलच्या, असा झाला असता आणि सगळ्या लिलावात गेल्या असत्या. तात्यांना शिक्षेची भीती नव्हती. त्यांचा जीव त्या उरलेल्या सायकलींत अडकला होता आणि सायकलींचं भवितव्य माझ्या एका रिपोर्टावर होतं.

मी सरकारी वकिलांकडे जाऊन बसलो. ते जाड भिंगाआडून बघत म्हणाले, "चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू बदनियतीने नेणं. इथे वस्तू मिलची नाही आणि नियत साफ असल्याचा पुरावा तर तुम्हीच जप्त करून आणलाय." म्हणजे बिल्ले. सीलही मोडलं नव्हतं. मग मी तसंच लिहिलं. गुन्हा बनत नाही, म्हणून खारिजी रिपोर्ट. सायकली मिलच्या नसून ठेवीच्या आहेत, मालकीचा पुरावा बिल्ला. कोर्टाने तो मानला आणि लिलावातून सायकली वगळल्या. अधिकारीसाहेब पुढे मला लग्नकार्यात भेटले तरी बोलत नसत.

निकाल लागेपर्यंत तात्यांच्या खोलीतली ती अर्धवट सायकल मुद्देमाल म्हणून आमच्या मालखान्यात होती. दुसऱ्याच दिवशी तात्या ठाण्याच्या दारात उभे.

"साहेब, तिचा हब खोलून ठेवलाय. हवा लागली तर गंज पकडेल. मागे तीन गिअरचा डबा आहे, सालोसाल पडून सगळा चिकटून गेलाय."

मुद्देमालाला कुणी हात लावायचा नसतो. हे मी त्यांना सांगितलं. ते मान हलवून व्हरांड्यात बसून राहिले. तिसऱ्या खेपेला मी वैतागून कोर्टाकडून मुद्देमालाच्या देखभालीची परवानगी आणली आणि हेड साहेबांच्या देखरेखीत सायकल अंगणात काढली. मग काय, आमच्या ठाण्याला रॉकेलचा वास येऊ लागला. शिपाई येता जाता उकिडवे बसून बघत. सियागंजच्या बाजारातून तात्यांनी नट आणले, ते बसेनात. विलायती आट्यांची चाल वेगळी, देशी नट त्यावर चढत नाही. शेवटी भंगारबाजारातून तशीच एक मोडकी सायकल शोधून तिचे नट काढून आणले. सीटच्या वाळलेल्या चामड्याला मेण आणि तेल चोळलं. मडगार्डवरची सोनेरी रेघ जिथे उडाली होती तिथे बारीक कुंचल्याने भरली. त्या वेळी मी केबिनमधून बाहेर आलो होतो, आणि मला परत आत जावंसं वाटेना. एवढी मन लावून केलेली कामं तेव्हा आमच्या आसपास बंदच झाली होती.

वाटपाच्या दिवशी मिलचं फाटक उघडलं. लोक बिल्ले घेऊन आले. काहींनी ते देवघरात ठेवले होते, त्यांच्या बिल्ल्यांवर कुंकू होतं. पोहेवाल्यासाठी कोर्टाने सवलत दिली होती. तात्यांनी ओळख पटवली की पुरे. तात्यांनी त्याला सर्वांसमोर उभं करून चांगलं झापलं, "पुन्हा बिल्ला हरवशील?" आणि मग त्याची सायकल स्वतःच्या धोतराने पुसून हातात दिली. पुन्हा कुठला बिल्ला नि कुठलं स्टँड! पण पोहेवाला कान पकडून म्हणाला, "नाही तात्या," आणि दोघेही रडायला लागले.

निवृत्तीनंतर तरुण अधिकारी मला विचारतात, फिर्याद कशी लिहून घ्यावी. मी सांगतो, वस्तूची किंमत शेवटी विचारा. आधी विचारा, ती घरात कशी वापरात होती, कुणाच्या हातात असायची, कुठल्या वेळेला. तपासाला त्याचा उपयोग होतो हे खरंच आहे. पण मला ती सवय लागली त्या प्रकरणाच्या शेवटच्या दिवशी. तेवढं सांगून थांबतो.

ठाण्यातली सायकल एका बाईंची होती. यजमान सुताला खळ चढवणाऱ्या सायझिंग खात्यात, पहिल्या पाळीला होते, मिल बंद पडल्यावर वर्षा-दोन वर्षांत आजाराने वारले. बिल्ला बाईंनी तात्यांकडे स्वतः आणून दिला होता. आता त्यांच्या पायाला दुखणं होतं म्हणून सायकल ताब्यात मिळाल्याच्या सुपुर्दनाम्यावर सही घ्यायला आम्हीच गेलो, मी, हेड साहेब आणि सायकल हाताने चालवत तात्या. ऊन उतरलं होतं, मिलची पहिली पाळी सुटायची ती वेळ. एका अरुंद गल्लीच्या टोकाला घर. बाईंनी सही केली. सायकलकडे बघितलं, हँडलवर हात ठेवला, पण उंबऱ्याच्या आत घ्यायला काही सांगेनात.

"वहिनी, कुठे ठेवू?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, मला चालवता येत नाही, आणि पोरगा बाहेरगावी. ठेवून तरी काय करू? तुम्हीच ठेवा." मग म्हणाल्या, "एक सांगू? एकदा गल्लीतून घेऊन याल? बसून. मला फक्त ऐकायचं आहे."

तात्या गोंधळले. "वहिनी, स्टँडच्या सायकलवर मी आजपर्यंत बसलो नाही."

"आता स्टँड कुठे राहिलं, तात्या?"

तात्या सायकल घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेले. त्या वयात त्या उंच सायकलवर टांग टाकताना त्यांना त्रास झाला, हेड साहेब धावायला निघाले, मी त्यांना थांबवलं. वळणावर घंटी वाजली. बाई दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटून उभ्या होत्या. तात्यांनी पायडल मारणं थांबवलं आणि सायकल नुसती सुटी येऊ लागली. मागच्या चाकाची ती संथ टिक टिक टिक गल्लीच्या दोन्ही भिंतींना लागून जवळ जवळ येत गेली. दारापाशी आली. ब्रेकच्या दांड्या खटकन वाजल्या आणि टिकटिक थांबली.

बाईंनी डोळे उघडले नाहीत. रोजच्या आवाजात, अगदी सहज, म्हणाल्या, "हातपाय धुवा, चहा टाकते." आणि आत गेल्या.

आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. आम्ही तिघे तिथेच उभे. मग तात्यांनी सायकल भिंतीला लावली, अंगणातल्या नळावर हातपाय धुतले. त्यांच्यानंतर हेड साहेबांनी धुतले. मी बूट काढले, पायमोजे काढले, वर्दीची पँट वर दुमडली आणि मीही धुतले.